दोन हाका

"कुत्रं चावलं काय मॅडम?" औषधाच्या दुकानातल्या विनोदनं विचारलं आणि दिव्यानीच्या तोंडून सरळ "हो" निघून गेलं. विनोद काउंटरवरून वाकला, तिचं मनगट उजेडाकडं वळवून पाहू लागला, आणि तिनं हात सोडवून घ्यायला पाहिलं, कारण आंधळ्यानंही चाचपून ओळखावं असे ते दात होते. वर एक कमान, खाली एक कमान, आणि वरच्या कमानीत एका दाताची जागा रिकामी. पण विनोदला जखमेपेक्षा स्वतःचं ज्ञान दाखवायची हौस जास्त. "पाच इंजेक्शनं घ्या लागन मॅडम. सरकारी दवाखान्यात जा, हयगय नका करू. पिसाळलेलं होतं काय?" "नाही हो, ओळखीचं होतं." "ओळखीचं असन तरी घ्या," असं म्हणून त्यानं मलमाची ट्यूब आणि पट्टी कागदी पिशवीत घातली, आणि मागं उभ्या असलेल्या बाईला उगाच सांगितलं, "कुत्रं चावलं मॅडमले." त्या बाईनं च्च् च्च् केलं. दिव्यानी पायऱ्या उतरून स्कूटीपाशी आली.

एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपारचे चार, चंद्रपूरचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. स्कूटीच्या सीटवर बसायची सोय नव्हती, म्हणून तिनं ओढणी घडी करून खाली घातली आणि तशीच बसून राहिली, चावी न फिरवता. आपण खोटं काऊन बोललो? समाजकार्याची पदवी घेतलेली एकतीस वर्षांची बाई, आठवड्यातून चार दिवस पोरींना सांगत फिरते की मनात आलं ते बोला, घाबरू नका, इथं कोणी रागावत नाही. आणि विनोदसमोर मात्र कुत्रं. खरं बोललं असतं तर काय झालं असतं? आठ वर्षांची पोरगी चावली. का चावली? इथंच तर गाडी अडत होती. का चावली ते तिला ठाऊक नव्हतं, आणि जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगण्यासारखं नव्हतं.

पोरीचं नाव निशा. वैनगंगेच्या पलीकडची, गडचिरोलीच्या अंगाला जंगलाला लागून असलेल्या एका गावची. गेल्या चैत्रात मोहफुलं वेचायला गेलेल्या तिच्या मायला, बुधरीला, वाघानं नेलं. पोरगी तिथंच होती. त्या दिवसापासून ती बोलली नाही. गावातल्या शाळेत बसेना, म्हणून दिवाळीनंतर बाप दसरू तिला चंद्रपूरच्या या वसतिगृहात ठेवून गेला. इथं अशाच पोरी. कोणाचं घर जळालेलं, कोणाचा बाप डोळ्यांसमोर गेलेला. त्यांच्यासाठी एक वेगळी 'शांत खोली' केली होती, आणि मागच्या महिन्यात तिथं ठेवायला पुण्याहून एक खोकं आलं होतं. दाबायचे मऊ गोळे, चमकी भरलेल्या पाण्याची बाटली, बोटांत फिरवायच्या मण्यांच्या माळा, खरखरीत आणि गुळगुळीत कापडाचे तुकडे, कानांवर लावायचे निळे हेडफोन. सोबत वीस पानांची माहितीपत्रिका आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण, तेही मोबाइलवर, मधेमधे आवाज जाणारं. खोक्यात मांडीवर ठेवायची जड उशीही असायची होती, ती आली नाही. मग स्वयंपाकाच्या चंदाबाईनं जुन्या लुगड्याची खोळ शिवून तीत तीन किलो जवस भरलं. जवसाच्या उशीत हात घातला की दाणे बोटांखालून सरकतात, थंड लागतात. निशाला त्या सगळ्या पसाऱ्यातली तेवढी एकच वस्तू आवडली. मांडीवर उशी घेऊन ती खिडकीशी बसायची. कायम खिडकीशी. आणि कायम कूलर बंद करून.

कूलर हे तर वसतिगृहातलं रोजचं भांडण. पंचेचाळीस डिग्रीत तेवीस पोरींच्या दालनात दोन कूलर, आणि ही पोरगी उठून दोन्ही बंद करायची. पंखासुद्धा. मोठ्या पोरी तिच्या अंगावर धावून जायच्या, झिंज्या ओढायच्या, पुन्हा चालू करायच्या. ही मार खायची आणि पुन्हा जाऊन बटण दाबायची. गृहपाल मुखरू सरांनी बटणावर खोकं ठोकून कुलूप लावलं, तर तिनं मागून वायर उपटली. दिव्यानीनं वहीत लिहिलं होतं: आवाजाची भीती. तिला ते अगदी बरोबर वाटलं होतं. खाणीचा भोंगा पाळी बदलताना वाजला की निशा कशी ताठ व्हायची, मान कशी वळवायची, ते तिनं पाहिलं होतं. आवाज सहन होत नाही, तर कान झाका. पत्रिकेत सोळाव्या पानावर चित्रासकट दिलेलं होतं. पत्रिकेत हेही होतं की वस्तू मुलाच्या हातात द्या, समोरून द्या, त्याला हवी तर तो घेईल. पण आज तीन वाजता ती शांत खोली बघायला पाहुणे यायचे होते, मुखरू सर दारात उभे राहून घड्याळ दाखवत होते, दोनचा भोंगा होऊन गेल्यापासून पोरगी खिडकीला चिकटलेली होती, आणि दिव्यानी घाईत मागून गेली. मागून! वाघानं जिच्या मायला मागून धरलं तिच्या पाठीमागून हळूच जाऊन तिनं तिच्या दोन्ही कानांवर हेडफोन चढवले आणि निसटू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरले.

धरले. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मुखरू सर तेवढ्यात पाहुण्यांना आणायला वळले होते. ते परत वळले तेव्हा निशाचे दात मनगटात होते आणि दिव्यानी ओरडत होती. पाहुण्यांपैकी एका बाईनं "अरे बापरे" म्हणून तोंडावर रुमाल धरला. पुढचं सगळं मुखरू सरांनी शांतपणे बोलून टाकलं होतं. वाईट माणूस नव्हे तो, थकलेला होता. "पाहा मॅडम, तिसरी खेप आहे. दोन पोरींले आधीच ओरबाडलं तिनं. उद्या तिचा बाप येऊन राह्यला दुपारी. तुमी सकाळी अहवाल द्या. पोरगी हिंसक आहे, आपल्याच्यानं होत नाई, असं लिहा, म्हणजे नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवता येते. तिथी डॉक्टर आहेत, वार्ड आहे. मले बाकीच्या बावीस पोरी पाहा लागते." वार्ड म्हणजे काय ते दिव्यानीला ठाऊक होतं. शिकताना महिनाभर ती तिथं जात होती. जाळीचं दार, एका ओळीत खाटा, छताला खडखडणारे पंखे, आणि त्या पंख्यांची बटणं खोलीच्या बाहेर. एकदा तिथं गेली की पुन्हा कोण आणणार होतं निशाला बाहेर?

बाबूपेठेतल्या खोलीवर ती पोचली तेव्हा पाच वाजत आले होते. नवरा सुनील गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात, शनिवार-रविवारी येणारा. या आठवड्यात त्याचीही दांडी. फोनवर त्यानं विचारलं, "आवाज काऊन असा?" ती म्हणाली, "ऊन लागलं." दिवसातलं दुसरं खोटं. मग तिनं कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, बटण दाबलं, आणि पाटावर कागद ठेवून लिहायला बसली. दिनांक. बालिकेचे नाव. वय. घटनेचा तपशील. 'दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी बालिकेने', इथं पेन थांबलं. 'बालिकेने विनाकारण चावा घेतला.' विनाकारण हा शब्द कसा सोयीचा असतो! एक शब्द टाकला की आपले दोन्ही हात पोरीच्या कानांवरून आपोआप उचलले जातात. तिनं तो पुन्हा वाचला. अक्षर तिचंच होतं, ठळक, शाळेत बक्षीस मिळालेलं.

ते अक्षराचं बक्षीस. कूलरची घरघर कानात शिरत होती, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास येत होता, आणि त्या वासाबरोबर दुर्गापूरची ती दुपार यायची तशी आलीच. दरवर्षी येते, मे महिन्यात पहिल्यांदा ताट्या भिजल्या की येते, या वर्षी एप्रिलमध्ये आली. ती दहा वर्षांची. बाबा खाणीत पहिल्या पाळीला, सकाळी सहा ते दुपारी दोन. आई अहेरीला माहेरी गेलेली. शाळेत हस्ताक्षराचं बक्षीस होतं, बाबा येतो म्हणाले होते, मधली रांग धरून बसतो म्हणाले होते, आणि आले नव्हते. दुसऱ्याच्या पाळीवर उभे राहिले. ते कळल्यावर तिनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती नव्या कूलरसमोर पालथी पडलेली, दाराला आतून कडी, आणि बाहेरून बाबांचा आवाज आला, "दिवे, दार उघड वं बाई." तिनं ऐकलं. स्वच्छ ऐकलं. सायकल भिंतीला टेकवल्याचंही ऐकलं. "दिवे, झोपली काय वं?" तिनं डोळे मिटून घेतले. बसू दे थोडा वेळ उन्हात, असं ती मनात म्हणाली, याच शब्दांत. मग हाक आली नाही. ती खुश झाली, जिंकली, आणि जिंकता जिंकता तिला खरोखरच झोप लागली. जाग आली ती शेजारणीच्या आरडाओरड्यानं. बाबा ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले, मान खाली, अंग तव्यासारखं तापलेलं. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा घरंगळून पायरीवर पडलेला. तीन दिवस दवाखान्यात. वाचले. चौथ्या दिवशी खाटेवरून त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी झोपली असन. कूलरच्या आवाजात काय ऐकू येते?" आणि ती म्हणाली, "हो बाबा, झोपली होती."

झालं, एवढंच. कोणी मेलं नाही. कोणी रागावलं नाही. त्यानंतर बारा वर्षं बाबा जगले, छातीच्या दुखण्यानं गेले, तिचं लग्न बघून गेले. पण दिवे म्हणून पुन्हा कधी त्यांनी हाक मारली नाही. दिव्यानी म्हणू लागले, पाहुण्यासारखं पूर्ण नाव. त्यांना कळलं होतं का? का ती नुसती सवय बदलली? शंभरदा ओठांवर आलं होतं की बाबा, मी जागी होती. पण त्यांनी इतक्या मायेनं झोप देऊन टाकली होती, की ती झोप परत कशी करायची ते तिला कधी जमलं नाही. रागावले असते, एक थोबाडीत दिली असती तर सुटली असती ती. तिनं उठून कूलर बंद केला. खोलीत एकदम शांतता झाली आणि खालच्या गल्लीतला प्रत्येक आवाज वर आला: भांडं, टीव्ही, लहान पोराचं रडणं. दोन मिनिटांत मानेवरून घाम ओघळला. या गरमीत ती पोरगी कशी बसते? आणि काऊन बसते? मनगट ठणकत होतं. अहवाल तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवला. विनाकारण तसंच राहू दिलं.

शनिवारी सकाळी मुखरू सर कुठंशी मीटिंगला गेलेले, म्हणून अहवाल तिच्याजवळच राहिला. दोन वाजता दसरू आला. काळा, शिडशिडीत, पांढऱ्या बनियनवर निळा शर्ट, हातात पिशवी. "जोहार बाई," म्हणाला आणि चपला दाराबाहेर काढून शांत खोलीच्या उंबऱ्याशीच बसला. आत खिडकीशी निशा, मांडीवर जवसाची उशी. तिनं बापाकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा बाहेर पाहू लागली. खोलीतला कूलर अर्थातच बंद. दिव्यानीनं पाण्याचा गडू त्याच्यासमोर ठेवला. पट्टीवर त्याची नजर गेली. "इनं केलं?" "हो." हे खरं निघालं, चटकन, तिचं तिलाच नवल वाटलं. दसरूनं मान खाली घातली. "गृहपाल साहेबानं फोनवर सांगतलं मले. नागपूरले नेतो म्हणते. नागपूर दूर आहे बाई. मी कसा येऊ भेटाले? मी म्हणलं, घरी नेतो. पण घरी कोण हाये? मी रानात जातो, ते एकटी राह्यते. आता तर मोहाचे दिवस. गाव सारं मोहावर."

"तुम्ही जाता मोहावर? अजून?" तिनं विचारलं आणि जीभ चावली. दसरूला त्यात काही वावगं वाटलं नाही. "जा तं लागतेच बाई. आमाले वर्षभर तेच पुरते. झाडाखालचा पाला जाळून ठेवला, आता फुलं पडून राह्यले. टाकून कसं देता?" मग त्याला वाटलं असावं की शहरातल्या बाईला नीट समजावून सांगावं, आणि तो पोरीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सांगू लागला. भल्या पहाटे निघायचं, सगळे मिळून. रानात गेलं की ज्याचं त्याचं झाड वेगळं. हा इथी, तो तिथी, मधी झुडपी जंगल. कोणी कोणाले दिसत नाई. "म्हणून हाक देत राहा लागते. दर घराची हाक येगळी. आमची अशी लांब जाते अन् मंग वर तुटते. हाक आली का जवाब द्यावाच लागते. तोंडात घास असो, डोक्यावर टोपली असो, जवाब पह्यले. जवाब ऐकला का हाक देणारा एक आखूड हाक देते, म्हणजे ऐकलं म्हून. मंग तो बी खाली वाकते, हा बी वाकते. लहान पोरं झाडाखाली बसवतो, त्यायचं कामच ते. जवाब देणं. अन् जवाब नाई आला का समजून जा, तिकडं काई झालं. मंग हातातलं टाकून जा लागते."

खिडकीशी उशीतल्या दाण्यांची सळसळ चालली होती, ती थांबली. दिव्यानीला ते ऐकू आलं. कूलर बंद होता म्हणून ऐकू आलं. आवाजाची भीती! कुठली आवाजाची भीती? पोरगी वर्षभर ऐकत बसली होती. कूलर बंद करून, पंखे बंद करून, मार खाऊन, खिडकीशी कान लावून, कुठून हाक येते का ते ऐकत बसली होती, या खेपेला चुकायला नको म्हणून. भोंग्याकडं मान वळवत होती ती भीतीनं नव्हे, तो भोंगा लांब जातो आणि वर तुटतो म्हणून. आणि आपण मागून जाऊन तिचे कान दाबून धरले. मनगटातला ठणका खांद्यापर्यंत चढला.

"त्या दिवशी," दसरू म्हणाला, त्याचा आवाज आणखी खाली गेला, "मी तिकडं नाल्याच्या वरत होतो. बायांनी सांगतलं मले. बुधरीनं दोन हाका मारल्या पोरीले. जवाब नाई आला. मंग ते टोपली टाकून गेली पाहाले. अन् तिथीच..." तो गडू उचलून वरून घोटभर पाणी प्याला, उरलेलं तसंच धरून बसला. दिव्यानीला पुढचं वाक्य येताना दिसलं. तिला वाटलं उठावं आणि या माणसाच्या तोंडावर हात ठेवावा. नको, नका बोलू हो, दसरूभाऊ, पाया पडते! पण तो भला माणूस होता, त्याच्याजवळ पोरीला द्यायला दुसरं काही नव्हतं. त्यानं खिडकीकडं पाहिलं आणि मुद्दाम, तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "लेकरू झोपलं असन. पहाटचं उठवलं होतं, झाडाखाली झोप लागली असन. लेकराचा काय कसूर?"

निशाची पाठ हलली नाही. पण मानेच्या दोन शिरा वर आल्या, आणि दोन्ही हात उशीत असे रुतले की खोळीची शिवण ताणली गेली. चावा घ्यायच्या आधी काल मान अशीच झाली होती. दिव्यानीनं ते ओळखलं. तिला आता काय करायचं ते पत्रिकेत होतं: अंतर ठेवा, हळू बोला, बाटली पुढं करा, दहा आकडे मोजा. पत्रिकेत हेही होतं की स्वतःचं आयुष्य मुलांसमोर उघडू नका, सल्लागार हा भिंतीसारखा स्थिर असावा. ती बोलू लागली तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की दुसरंच कोणी बोलतंय. दुर्गापूरची, दोन वेण्यांची.

"माझे बाबा पण असंच म्हणाले होते दसरूभाऊ," ती म्हणाली. "मी दहा वर्षांची होती. ते दाराशी हाक मारून राह्यले होते, उन्हात, अन् मी आत होती. दार नाही उघडलं. ते पडले, दवाखान्यात होते. मग म्हणाले, पोरगी झोपली असन. मी म्हणलं, हो." तिनं मनगटावरची पट्टी दुसऱ्या हातानं धरली. "मी झोपली नव्हती. मी जागी होती. मले ऐकू आलं होतं. दोन्ही हाका ऐकू आल्या होत्या. मले राग आला होता त्यायचा, म्हणून नाही उघडलं. बाबा गेले आता. मी त्यायले कधीच नाही सांगितलं."

दसरू तिच्याकडं बघत राहिला. त्याला कळेना ही बाई आपल्याला हे का सांगते आहे. त्याच्या कपाळावर संकोचाच्या आठ्या पडल्या. बाहेर आवारात कडुनिंबाखाली चंदाबाई वाळवणाची खाट ओढत होती, खाटेचे पाय दगडावर घासत होते. तो आवाज संपला. दिव्यानीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. आपण हे काय करून बसलो? पोरीच्या जखमेत आपली जखम घालून बसलो? पर्समध्ये अहवाल होता, मुखरू सर चारला येणार होते. मोजावेत का दहा आकडे? तिनं मोजायला सुरुवात केली. सहापर्यंत आली.

"मले बी."

आवाज इतका जाडाभरडा, इतका न वापरलेला होता की पहिल्यांदा तो कुठून आला तेच कळलं नाही. निशा खिडकीकडंच तोंड करून होती. "मले बी आला होता राग," ती म्हणाली. "मायनं मारलं होतं. फुलं खाल्ले म्हून. मी झुडपात बसलो होतो. मले आयकू आलं." आणि मग, मान न वळवता, "मी झोपलो नवतो, बा."

दसरूच्या हातातला गडू खाली टेकला, पाणी सांडलं. तो उठला. पोरीकडं गेला नाही, दिव्यानीकडं पाहिलं नाही, चपला पायात न घालता तसाच तापलेल्या आवारात उतरला आणि चालत गेला. गेला! दिव्यानी हादरली. आपण एका बापाच्या पोरीला त्याच्या तोंडावर हे बोलायला लावलं, आता तो फाटकातून निघून जाईल, एसटी धरेल, आणि ही पोरगी, जिनं वर्षानंतर तोंड उघडलं, ती जन्मभर पुन्हा उघडणार नाही. तिला उठून त्याच्यामागं धावायचं होतं, पण निशाला एकटं सोडवेना. निशानं उशी छातीशी धरली होती आणि ती डोळ्याची पापणी न लववता बाहेर बघत होती. दसरू फाटकापाशी पोचला. फाटकाला धरून उभा राहिला, पाठमोरा. किती वेळ, कोण जाणे. मग त्यानं तोंडाशी हात नेले.

हाक आली. दिव्यानीनं तशी हाक कधी ऐकली नव्हती. तिच्यात शब्द नव्हते, लांब गेली, आवारावरून, भिंतीवरून, आणि वर जाऊन तुटली. चंदाबाई खाट सोडून बघत राहिली. निशा जागची हलली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. खोलीत एवढी शांतता होती की उशीतले दाणे एकेक करून शिवणीतून फरशीवर पडत होते ते मोजता आले असते. हाक पुन्हा आली, आता जरा फाटलेली. दोन. बुधरीनंही दोनच मारल्या होत्या. दे गं पोरी. दे. मला नाही देता आला, तू दे.

निशा उभी राहिली. उशी पायाशी पडली, तिच्यातून जवस सांडला. तिनं खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले आणि जवाब दिला. तो असा निघाला की दालनातल्या पोरी दाराशी धावत आल्या, एकीनं भीतीनं दुसरीचा फ्रॉक धरला, आणि दिव्यानीनं कान झाकायला उचललेले हात तसेच खाली घेतले. फाटकाशी दसरूची पाठ वाकली. त्यानं कपाळ लोखंडाला टेकवलं. थोड्या वेळानं तिथूनच एक आखूड हाक आली.

निशानं ती ऐकली. गज सोडले. बाप लगेच आत येणार नव्हता, ते तिला आणि दिव्यानीलाही दिसत होतं; तो तिथंच उन्हात उकिडवा बसला होता, आणि चंदाबाई त्याच्याकडं पाण्याचा तांब्या घेऊन निघाली होती. दिव्यानीनं पर्समधून अहवाल काढला, खाली घ्यायला पाट शोधण्याइतका धीर नव्हता, मांडीवरच कागद ठेवून एक शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'मी मागून जाऊन तिचे कान दाबून धरले म्हणून'. अक्षर वेडंवाकडं आलं. तिनं मान वर केली तेव्हा निशा सांडलेल्या दाण्यांतून अनवाणी चालत भिंतीपाशी गेली होती. तिनं टाचा उंचावल्या आणि बंद कूलरचं बटण दाबलं.